केरकेऱ्याच्या बाई

बाईंच्या बोलण्यात डावं-उजवं नव्हतं, फक्त दिशा होत्या. एकदा त्यांचा गुडघा दुखायला लागला म्हणून मी त्यांना अनसिंगला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कोणता गुडघा?"

"पूर्वेकडचा," बाई म्हणाल्या.

डॉक्टर तरुण होते, गावात नवे होते. त्यांनी बाईंना उजेडाकडे तोंड करून बसायला सांगितलं. खुर्ची फिरली. त्यांनी त्याच गुडघ्यावर बोट ठेवून खात्री करून घेतली, "हाच ना?"

"हाच. पण आता तो पश्चिमेकडचा झाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. गोळ्या गुडघ्याच्याच मिळाल्या, हे नशीब.

मी कृषी सहायक म्हणून खैरखेडला रुजू झाले तेव्हाची ही ओळख. नाल्याच्या वळणावर वसलेलं लहानसं गाव. सोयाबीन, तूर, हरभरा आणि जमेल तिथे हळद. मी नगरकडची. 'काहून' म्हणजे का आणि 'कायले' म्हणजे कशाला, हे अंगवळणी पडायला मला एक हंगाम लागला. राहायला खोली हवी होती. ज्याला विचारावं तो एकाच घराकडे बोट दाखवायचा आणि हसायचा. का हसायचा, ते दारात कळलं.

दार उघडलं ते ठेंगण्या, काटक, साठीपुढच्या बाईंनी. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं पितळी होकायंत्र. गावात नव्याने आलेल्या सुना ते एखादं देवाचं यंत्र समजून त्याला हात जोडायच्या, आणि बाई त्यांना अडवायच्या नाहीत.

"उत्तर कुठं?" त्यांनी मला विचारलं.

"कशाचं उत्तर? प्रश्न काय आहे?"

"उत्तर दिशा ग. तू आत्ता कुठं तोंड करून उभी आहेस?"

मी सूर्य शोधायला वर पाहिलं. आभाळ भरलेलं होतं. अंदाजाने एकीकडे हात केला. बाईंनी होकायंत्र पाहिलं. "चुकलीस. पण सूर्य शोधलास हे बरं केलं. मागची भाडेकरीण मोबाईल काढून राह्यली होती. ये आत."

माझ्याशी त्या बहुधा पुस्तकी मराठी बोलत. चिडल्या किंवा फार खूश झाल्या की वऱ्हाडी सुरू व्हायची, आणि त्या बहुतेक वेळ फार खूश असायच्या.

त्या वाशिमच्या जैन व्यापाऱ्याच्या घरातल्या. भावांची कापडाची दुकानं होती. बाई मात्र शिक्षिका झाल्या, लग्न केलं नाही, खैरखेडच्या शाळेत गावाच्या दोन पिढ्यांना भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर वाशिमला परत जाण्याऐवजी गावालगत तुकडाभर वावर घेऊन त्यात संत्री लावली. भाऊ समजवायला आले होते म्हणे. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि गच्चीवर नेऊन पैनगंगेचं पाणलोट क्षेत्र समजावून सांगितलं. भाऊ पुन्हा समजवायला आले नाहीत.

कांदा-लसूण त्या खात नसत आणि सूर्य बुडाल्यावर जेवत नसत. या नियमाला त्यांनी आयुष्यात तडा जाऊ दिला नाही. पण एकदा त्यामुळे उपाशी राहिल्या, तेव्हा मी घरात होते.

वाशिमला पुस्तकबांधणीचं दुकान असलेले एक म्हातारे चाचा होते. जुने कागद विकायला आले की ते आधी बाईंना फोन करायचे. त्या दिवशी फोन आला, "बाई, तुमच्या मतलबची चीज आली. येता का? नाही तर पतंगवाले पोट्टे नेतीन." बाई मोपेडवरून निघाल्या आणि दुपारी एक लांब गुंडाळी पोटाशी धरून परतल्या. इंग्रजांच्या काळातला आमच्या भागाचा भूमापन नकाशा होता तो, एका जुन्या घराच्या अडगळीतून निघालेला. झिजलेल्या घड्यांवर चाचांनी मागून मलमलीचं अस्तर लावून दिलं होतं. निळे नाले, तपकिरी टेकड्या, गावांचे लाल ठिपके. बाईंनी तो जमिनीवर पसरला आणि त्या पालथ्या पडून, हातात भिंग घेऊन एकेका नाल्यातून चालायला लागल्या. "ये, ये, हा बघ आपला तलाव! ही चिंच! अगं, चिंचसुद्धा दाखवली आहे!" मी ताट वाढलं, दोनदा हाक मारली. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं, तेव्हा खिडकीबाहेर अंधार पडत होता.

"बुडाला का?" त्यांनी विचारलं.

"बुडाला."

"जाऊ दे," असं म्हणून त्यांनी पाणीही न घेता नकाशा गुंडाळला. उपाशीपोटी इतकं प्रसन्न माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही.

त्या नकाशाने गावात पहिली खळबळ उडवली ती नावावरून. खैरखेडच्या जागी इंग्रजीत जे लिहिलं होतं ते कसंही वाचलं तरी 'केरकेरा' व्हायचं. मोजणीच्या साहेबाने कोणाला तरी गावाचं नाव विचारलं असणार, आणि ऐकणारा व सांगणारा यांच्यामध्ये कुठेतरी गाव सांडलं. सरपंच फार दुखावले. "केरकेरा? आमी काय केरात रायतो?" त्यांना दुरुस्तीचा अर्ज करायचा होता. कोणाकडे करायचा, हे मात्र कळेना, कारण साहेब जाऊन जमाना झाला होता. बाईंनी त्यांना समजावलं, "अहो, साहेब एवढ्या लांबून आला, उन्हात चालला, आपली चिंचसुद्धा मांडून गेला. नावात थोडी चूक झाली तर झाली." आणि त्याच दिवसापासून स्वतःच्या दारावर त्यांनी 'मुक्काम केरकेरा' अशी पाटी लावली. पोस्टमन काही दिवस गोंधळला, मग सरावला.

बाईंच्या वावरात पत्र्याची एक खोली होती. तिला त्या नकाशाघर म्हणत. त्यांनी जमवलेले सगळे नकाशे तिथे वेळूच्या नळ्यांत उभे करून ठेवलेले असत. ज्याला यायचं त्याने यावं, स्वतःचं वावर शोधावं. शेजारच्या गावांचे लोकही येत. नकाशावरच्या तपकिरी रेघा कोणाला कळल्या नाहीत तर बाई त्याला सरळ गावतलावावर न्यायच्या. उन्हाळ्यात पाणी उतरत जातं, तशी काठच्या गाळावर रेघेखाली रेघ उमटत जाते. "ह्या रेघा कोणी काढल्या?" बाई विचारायच्या. "पाण्यानं." "मग झालं! टेकडीभोवती पाणी भरून हळूहळू उतरलं असतं, तर तिच्या अंगावर अशाच रेघा राहिल्या असत्या. नकाशावाल्यानं पाणी न भरता काढल्या, एवढंच." मी पदवीला जे पाठ करून विसरले होते ते त्या काठावर चपला हातात घेऊन समजले.

आता पांदणीची गोष्ट.

पांदण म्हणजे वावरांच्या मधून जाणारी बैलबंडीची वाट. खैरखेडच्या वरच्या शिवाराला पूर्वी अशी पांदण होती, असं सगळे सांगत. ती कधीतरी नाहीशी झाली होती. पावसाळ्यात वरच्या शिवारात ना बंडी जायची ना ट्रॅक्टर. कापलेलं सोयाबीन बायका डोक्यावरून गुडघाभर चिखलातून आणायच्या. एका वर्षी परतीचा पाऊस लांबला आणि गंजीतच सोयाबीनला कोंब फुटले. थ्रेशर गावात उभं होतं, वाट नव्हती. मी पंचनाम्याला गेले तेव्हा एका बाईने ते कोंब माझ्या ओंजळीत ठेवले.

पांदण कोणी गिळली, याबद्दल गावाचं एकमत होतं. नाल्यालगत गावातल्या भाऊंचं वावर होतं. भाऊ म्हणजे धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, पन्नाशीतले शेतकरी. त्यांच्या आज्याने पांदण नांगरून वावरात घेतली, असं लोक म्हणत. मागे त्यांना 'पांदणखाऊ' म्हणत. शाळेत त्यांच्या पोरीलाही कोणीतरी ते ऐकवलं होतं. भाऊ शपथा घेऊन थकले होते. आणि ग्रामसभेत हा आरोप सगळ्यात मोठ्याने कोणी केला असेल तर तो बाईंनी. दोघांच्या वावरांमध्ये एकच धुरा, म्हणजे बांध, होता, पण भाऊंनी बाईंशी बोलणं टाकलं होतं.

तहसिलातला गावनकाशा नेमका त्याच जागी फाटलेला निघाला. मग सरपंच बाईंना म्हणाले, "बाई, तुमचा केरकेऱ्याचा नकाशा काय म्हन्ते? तो कायद्याचा कागद नसन, पन गावानं मानलं तं झालं ना!"

नकाशात पांदण होती. दोन तुटक रेघा गावातून निघत, नाल्याच्या कडेने जात, एका विहिरीच्या अगदी लगत पूर्वेकडून पुढे होत आणि वरच्या शिवारात चढत. विहीर म्हणजे भाऊंचीच, दुसरी त्या बाजूला नव्हतीच. विहिरीच्या पूर्वेला म्हणजे भाऊंचं वावर मधोमध कापलं जाणार.

हरभरा घाटे धरत होता तेव्हा एका सकाळी सगळं गाव वाट शोधायला निघालं. पुढे बाई, गळ्यात होकायंत्र, हातात नकाशा. मी बाजूने दुसरं टोक धरून. तलावाजवळची चिंच जागेवर होती. नाल्याचं वळणही जुळलं. आम्ही भाऊंच्या विहिरीशी पोचलो. भाऊ कमरेवर हात ठेवून उभे होते.

"या बाई," ते म्हणाले. "शाळेत तुमीच मले भूगोलात नापास केलं. आता वावरातबी करा."

लोक हसले. कोणीतरी चुन्याची फक्कीसुद्धा आणली होती. बाई विहिरीच्या कठड्यावर नकाशा टेकवायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. कठड्याच्या दगडावर भाऊंच्या आज्याचं नाव आणि विहीर बांधल्याचं साल कोरलेलं होतं. बाईंनी ते बोटाने पुसून वाचलं. मग मला हळूच म्हणाल्या, "नकाशाच्या दक्षिणेकडचा कोपरा बघ. मोजणीचं साल काय आहे?"

मी बारीक अक्षरं वाचली. नकाशा विहिरीपेक्षा जुना होता.

त्या दगडाकडे त्यांच्याशिवाय कोणाचंही लक्ष गेलं नव्हतं. फक्की टाकणारा तर पुढे निघालाही होता. बाई गप्प राहिल्या असत्या तर दुपारपर्यंत प्रकरण मिटलं असतं.

"थांबा!" बाई ओरडल्या. "ही इहीर नकाशातली नाही. नकाशा झाला तेव्हा ही खोदलीच नव्हती."

"मंग नकाशातली इहीर कोनती?" सरपंचांनी विचारलं.

बाई धुऱ्यापलीकडे स्वतःच्या बागेकडे पाहत राहिल्या. कडेला त्यांचं एक संत्र्याचं झाड होतं. मे महिन्यात बाकीची झाडं माना टाकत, पण हे हिरवंगार. मला कृषी सहायक म्हणून त्याचं कारण त्यांनी अनेकदा विचारलं होतं आणि मी खतापासून जातीपर्यंत काहीबाही सांगितलं होतं. बाई धुरा ओलांडून त्या झाडापाशी गेल्या. "सब्बल आणा."

सब्बल, म्हणजे पहार, भाऊंनीच आणली. बाई दाखवतील तिथे त्यांनी खणायला सुरुवात केली. थोडी माती निघाली आणि दगड लागला. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, एका वळणात बसवलेले. बुजलेल्या विहिरीचा काठ होता तो. झाड कोणाचं पाणी पीत होतं ते कळलं.

आता पांदण या विहिरीच्या पूर्वेला हवी. पूर्वेला बाईंची संत्र्याची रांग होती आणि रांगेच्या मधोमध पत्र्याचं नकाशाघर. त्याच्या पलीकडे लगेच मुरमाचा चढ, तिथून बंडी जाणं शक्यच नव्हतं. वाट जायला तेवढीच जागा होती.

भाऊंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सब्बल खाली टाकली आणि चक्क बाईंची बाजू घेतली. "जाऊ द्या ना बाई. रेघच हाये ते. चार हात इकडे-तिकडे होतेच."

"रेघ इकडे-तिकडे होईल रे बाप्पा," बाई म्हणाल्या, "पन इहीर रेघेवरून उडी मारून त्या बाजूले जाईन का?"

आणि त्या हसायला लागल्या. धुऱ्यावर बसल्या, पोट धरून हसल्या, गळ्यातलं होकायंत्र उड्या मारायला लागलं. "सापडली! इतकी वर्षं साऱ्या शिवारात शोधून राह्यली, अन माह्याच वावरात सापडली! नकाशाघराच्या बुडाखाली!"

लोकांना कळेना, हसावं की बाईंना सावरावं. मग बाई उठल्या, पदर नीट केला आणि भाऊंसमोर हात जोडले. आवाज एकदम बदलला होता.

"मी तुझं नाव घेतलं. तुझ्या आज्याचंही घेतलं, जो जाब द्यायला उरला नाही. सगळ्यांसमोर घेतलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. मी चुकली."

भाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. पुसतच राहिले. मग म्हणाले, "बाई, अजून एकडाव म्हना. मांगच्या लोकायले ऐकू नाई आलं."

आणि बाईंनी खरंच वर्गात हजेरी घेतल्यासारख्या खणखणीत आवाजात पुन्हा सांगितलं, "मी चुकली!" मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंची पोरगी त्या गर्दीत होती. ती सगळ्यात जास्त वेळ वाजवत होती.

फळाला आलेली काही झाडं तोडावी लागली. पहिली कुऱ्हाड पडली तेव्हा बाई घरात निघून गेल्या आणि आतून कडी लावली. मी दाराशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते.

नकाशाघराचे पत्रे सोडवायचं ठरत होतं. भाऊ म्हणाले, "सोडवता कायले? उचलू ना!" सांगाडा लोखंडी होता. आधी बायांनी नकाशांच्या नळ्या बाहेर काढल्या आणि डोक्यावर घेऊन ओळीने नेल्या. मग गड्यांनी चारी बाजूंनी खांदे लावले आणि अख्खी खोली जमिनीवरून उठली. बाई पुढे झाल्या.

"ईशान्येले! ईशान्येले घ्या!"

"ईशान्य कोनती वो बाई?"

"अरे, उत्तर अन पूर्वेच्या मधात!"

अर्धे एकीकडे ओढायला लागले, अर्धे दुसरीकडे, आणि नकाशाघर जागच्या जागी गरगर फिरलं. आतून कोणीतरी ओरडलं, "मले दिसून नाई राह्यलं!" तो खोलीच्या आत राहून उचलत होता. शेवटी भाऊ पुढे आले. "बाई, तुमी जराशा गप राहा. ए पोट्टेहो, बाभळीकडे चाला! बस! आता देवळाकडे!" खोली सुतासारखी सरळ गेली आणि मुरमाच्या कडेला जाऊन बसली. बाई थोड्या हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "बाभूळ ईशान्येलाच आहे म्हणा."

त्या दिवशी गावाने निखाऱ्यावर रोडगे भाजले. बाईंसाठी डाळ बिनलसणाची केली आणि सगळी पंगत सूर्य असतानाच उठवली.

पांदण आखायची वेळ आली तेव्हा भाऊंनी स्वतःच्या धुऱ्याकडची एक पट्टीही मोकळी करून दिली. कोणी मागितली नव्हती. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही काहून?"

"आता बाई एकटी देईन अन मी पाहत राहू का? लोक पुन्हा नाव ठेवतीन," ते म्हणाले. पण चेहऱ्यावर लोकांची भीती अजिबात नव्हती. कित्येक वर्षांनी गावात ताठ मानेने फिरणारा माणूस होता तो. त्याला काहीतरी द्यायचं होतं. दोघांच्या पट्ट्या मिळून आमची पांदण आसपासच्या कुठल्याही पांदणीपेक्षा रुंद झाली.

पुढे काही वर्षांनी माझी बदली इंझोरीकडे झाली. मागच्या सोयाबीनच्या हंगामात बाईंना भेटायला गेले. त्या दारात मोपेड काढूनच उभ्या होत्या. "चल, वरच्या शिवारात. थ्रेशर लागलंय." मी माझी गाडी पुढे काढली, त्या मागून आल्या.

अर्ध्या वाटेत आम्ही थांबलो. समोरासमोर आलेले दोन ट्रॅक्टर पांदणीत शेजारी शेजारी उभे होते. आरामात पार झाले असते, तेवढी जागा होती. पण दोघांनी इंजिनं बंद केली होती आणि स्टिअरिंगवर कोपर टेकून गप्पा चालल्या होत्या. एक सरपंच, दुसरे भाऊ. त्यांच्यामागे एक बंडी, तिच्यामागे डोक्यावर जेवणाच्या टोपल्या घेतलेल्या बाया, आणि कोणालाच घाई दिसत नव्हती.

बाईंनी हॉर्न दाबला. पुन्हा दाबला.

"अरे, एवढी रुंद पांदण केली ते काय तुमच्या गोष्टी करासाठी?"

भाऊंनी मान वळवली. "बाई, पयले रस्ताच नोता. मंग भेट कुठी व्हायची? आता झाली तं बोलू द्या ना! पोरीचं जमून राह्यलं."

बाईंनी हॉर्नवरचा अंगठा काढला. मोपेड बंद केली, स्टँडवर लावली आणि साडी सावरत दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"कोणत्या गावचा पोरगा?"